वादी आणि न्यायासन : सिनेटर टेड स्टीव्हन्स, अलास्का आणि प्रतिनिधीच्या पक्षपाताचा प्रश्न

नीतिविचारात समबुद्धी आणि ममत्व यांचा झगडा फार जुना आहे. सर्व माणसे सारख्याच मोलाची असतील तर आपल्या मुलाला, आपल्या गावाला किंवा आपल्या प्रांताला झुकते माप देण्याचा अधिकार कोणाला कोठून मिळतो, हा प्रश्न एका बाजूने विचारला जातो; आणि ज्याला आपले म्हणावे असे कोणीच नाही त्याला परक्याचे दुःख तरी कसे उमगणार, असा प्रतिप्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. इंग्रज विचारवंत विल्यम गॉडविन याने १७९३ मध्ये पहिल्या बाजूची परिसीमा गाठली. आगीत सापडलेल्या दोघांपैकी एकालाच वाचवता येणार असेल आणि त्यांतला एक फेनेलाँसारखा लोकोपकारी धर्माचार्य व दुसरी त्याची दासी असेल, तर ती दासी वाचवणाऱ्याची आई असली तरीही धर्माचार्यालाच वाचवले पाहिजे, असे त्याने प्रतिपादले. हा निष्कर्ष बहुतेकांना अमानुष वाटला आणि तसा तो वाटणे योग्यच आहे. परंतु आईच्या जागी मतदारसंघ ठेवला आणि वाचवणाऱ्याच्या हाती साऱ्या देशाचा खजिना दिला, की गॉडविनचा प्रश्न तितकासा विक्षिप्त राहत नाही.

प्रातिनिधिक लोकशाहीत हा झगडा वेगळे वळण घेतो, कारण तेथे ममत्व ही नुसती भावना न राहता नेमून दिलेले काम होते. प्रतिनिधी एका भागातून निवडला जातो आणि कायदा मात्र सगळ्या देशासाठी करतो. ज्यांनी त्याला पाठवले त्यांचे ऋण त्याच्यावर असते, आणि ज्यांच्यावर तो कायदा लागू होणार त्यांतल्या बहुसंख्यांनी त्याला कधी मत दिलेलेच नसते. या दुहेरी नात्यातली ओढाताण पाहण्यासाठी अमेरिकेच्या सिनेटमध्ये डिसेंबर १९६८ पासून जानेवारी २००९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, अलास्का राज्याचे प्रतिनिधित्व करणारे रिपब्लिकन पक्षाचे टेड स्टीव्हन्स यांच्याइतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. अलास्कासाठी निधी आणि तेल या दोन्ही बाबतींत त्यांच्याइतकी मजल दुसऱ्या कोणी मारली नाही, हे त्यांचे विरोधकही नाकारत नसत. अँकरेजच्या विमानतळाला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव दिले गेले. त्यांची परिणामकारकता येथे गृहीत धरलेली आहे. ती नैतिकदृष्ट्या कोणत्या प्रकारची होती, एवढाच प्रश्न आहे.

त्या परिणामकारकतेची यंत्रणा आधी समजून घेतली पाहिजे. सिनेट हे अमेरिकी संसदेचे वरिष्ठ सभागृह असून त्यात प्रत्येक राज्याला, त्याची लोकसंख्या कितीही असो, दोनच जागा असतात. त्यामुळे २००० च्या जनगणनेत जेमतेम सव्वासहा लाख लोकसंख्या भरलेल्या अलास्काचे तेथील वजन कॅलिफोर्नियाइतकेच होते. सभागृहातल्या समित्यांची अध्यक्षपदे प्रामुख्याने ज्येष्ठतेने, म्हणजे त्या समितीत किती काळ काढला त्यावरून, ठरतात. या समित्यांमध्ये सर्वांत प्रभावी असते ती विनियोजन समिती. अमेरिकी राज्यघटनेनुसार कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय खजिन्यातून एक डॉलरही काढता येत नाही, आणि त्या मंजुरीची विधेयके या समितीतून जातात. स्टीव्हन्स १९९७ ते २००५ या काळात, मधला सुमारे दीड वर्षाचा खंड वगळता, या समितीचे अध्यक्ष होते. ‘इअरमार्क’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद याच वाटेने जन्माला येते: एखाद्या खात्याला एकगठ्ठा रक्कम देऊन तिचे वाटप निकषांवर सोपवण्याऐवजी, अमुक गावातल्या अमुक कामासाठी अमुक रक्कम असे विधेयकात किंवा त्याच्यासोबतच्या अहवालात आधीच लिहून ठेवणे, म्हणजे इअरमार्क. हे तंत्र एका पक्षाची मिरासदारी नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाचे रॉबर्ट बर्ड याच समितीच्या अध्यक्षपदावरून आपल्या वेस्ट व्हर्जिनियाला इतके रस्ते आणि सरकारी कार्यालये देत राहिले, की त्या राज्यात त्यांचे नाव नसलेली सार्वजनिक इमारत शोधावी लागे.

स्टीव्हन्स यांचा स्वतःचा युक्तिवाद मात्र निव्वळ ओरबाडण्याचा नव्हता, आणि त्याला न्याय दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत या रणक्षेत्रात मालवाहू विमाने चालवलेला हा तरुण हार्वर्डमधून कायदा शिकून १९५३ मध्ये अलास्कात आला, फेअरबँक्स येथे सरकारी वकील झाला आणि नंतर वॉशिंग्टनच्या अंतर्गत व्यवहार खात्यात बसून अलास्काला राज्याचा दर्जा मिळवून देण्याच्या खटपटीत गुंतला. ३ जानेवारी १९५९ रोजी तो दर्जा मिळाला. नव्या राज्याला दहा कोटी एकरांहून अधिक जमीन निवडून घेण्याचा हक्क मिळाला खरा, पण राज्याची सुमारे साठ टक्के जमीन संघराज्याच्या मालकीचीच राहिली. स्टीव्हन्स यांचे म्हणणे असे, की इतर राज्यांत दीडशे वर्षांत रस्ते, बंदरे, धरणे आणि लोहमार्ग उभे राहिले तेव्हा अलास्का केवळ एक प्रदेश होता, त्याला सिनेटमध्ये मत नव्हते. आणि राज्य झाल्यावर जमिनीवरचा ताबा वॉशिंग्टनकडे असल्यामुळे स्वतःच्या साधनांवर उभे राहण्याची मोकळीक त्याला मिळाली नाही. म्हणून आज मागितलेला पैसा ही मेहेरबानी नसून राहिलेली बाकी आहे.

हा युक्तिवाद मराठी वाचकाला ‘अनुशेष’ या नावाने परिचित आहे. त्याची वैचारिक बैठक भक्कम आहे, कारण तो ममत्वावर उभा नसून समतेवर उभा आहे: आम्हांला अधिक द्या असे तो म्हणत नाही, आम्ही मागे ठेवले गेलो तेवढे भरून द्या असे म्हणतो. ध्रुवप्रदेशाजवळच्या खेड्यांची स्थिती पाहिली की त्यात तथ्यही दिसते. रस्त्याने न जोडलेल्या या वस्त्यांमध्ये वीज डिझेलच्या जनित्रांवर तयार होते. ते डिझेल बर्फ वितळलेल्या थोड्या महिन्यांत तराफ्यांवरून आणून टाक्यांत साठवावे लागते, आणि त्यांतल्या अनेक टाक्या जुन्या व गळक्या होत्या. कित्येक घरांत नळ नव्हता आणि मैला बादलीत साठवून बाहेर नेऊन टाकावा लागे. देशाला कच्चे तेल पुरवणाऱ्या राज्यातल्या आदिवासी खेड्याने दिव्यासाठी अवाच्या सवा भावाने बाहेरून इंधन आणावे, ही विसंगती कोणाही विचारी माणसाला बोचेल. स्टीव्हन्स यांनी १९९८ मध्ये डेनाली आयोग स्थापन करवून घेतला. त्याने या टाक्या, वीजघरे आणि दवाखाने यांवर खर्च केला. रस्ता नसलेल्या गावांपर्यंत टपालाच्या दराने किराणा पोचवणारी सवलत आणि तेथली नियमित विमानसेवा टिकवून धरण्यातही त्यांचा वाटा मोठा होता. ज्यांना हे मिळाले त्यांच्या लेखी तात्त्विक चर्चेपेक्षा ते मोलाचे होते, यात शंका नाही.

तरीही अनुशेषाचा दावा करणाऱ्यावर एक बंधन येते: त्याने माप सर्वांना एकच लावले पाहिजे. महाराष्ट्रात १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हा तिने राज्याची सरासरी हे माप धरून सर्वच जिल्हे त्याला लावले, आणि म्हणूनच तिच्या आकड्यांशी वाद घालणाऱ्यांनाही तिची पद्धत मानावी लागली. अलास्काचा दावा अशा मापाला कधी घातला गेला नाही. नळ नसलेली घरे ॲरिझोना व न्यू मेक्सिकोतल्या नवाहो लोकांच्या भूमीवरही होती, पण त्या काळी तेथला कोणी विनियोजन समितीचा अध्यक्ष नव्हता. शिवाय तेलाचा पैसा येऊ लागल्यावर अलास्काने १९८० मध्ये आपला राज्य आयकर रद्द केला, आणि १९८२ पासून तेथील प्रत्येक पात्र रहिवाशाला तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या कायम निधीचा लाभांश दरवर्षी मिळू लागला. पहिल्या वर्षी ती रक्कम १,००० डॉलर होती. कायम निधी ही कल्पना स्वतः फार दूरदर्शी आहे, कारण भूगर्भातली संपत्ती एका पिढीने खाऊन टाकू नये असे ती सांगते. पण स्वतःच्या नागरिकांवर आयकर न बसवणाऱ्या, उलट त्यांना पैसे वाटणाऱ्या राज्याने इतर राज्यांच्या करदात्यांकडे राहिलेली बाकी मागावी, तेव्हा बाकीचा हिशोब तरी पुरता मांडायला हवा.

प्रतिनिधीने मतदारसंघासाठी भांडावे की देशासाठी विचार करावा, या वादात एडमंड बर्क याने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे घेतलेली भूमिका प्रमाण मानली जाते. संसद ही परस्परविरोधी हितसंबंधांच्या वकिलांची बैठक नसून एका राष्ट्राची विचारसभा आहे, तेव्हा निवडून येईपर्यंत सभासद ब्रिस्टलचा असला तरी निवडून आल्यावर तो संसदेचा असतो, अशा आशयाचे त्याचे प्रतिपादन होते. बर्कने ते पाळलेही. आयर्लंडच्या व्यापारावरची बंधने सैल करण्याच्या बाजूने तो उभा राहिला, ब्रिस्टलचे व्यापारी चिडले, आणि १७८० मध्ये हरण्याची चिन्हे दिसताच त्याला तेथून माघार घ्यावी लागली. बर्कचे अनुयायी ही दुसरी गोष्ट बहुधा हळू आवाजात सांगतात. बर्कच्या मापाने स्टीव्हन्स सरळ दोषी ठरतात. परंतु हे माप अलास्कासारख्या ठिकाणी अपुरे पडते. हजारो मैलांवरच्या राजधानीत बसलेल्या विचारसभेला बादलीत मैला साठवणाऱ्या घराची कल्पना आपोआप येत नाही. ती कोणीतरी तळमळीने, एकांगीपणे, पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते. पक्षपाती साक्षीदारांशिवाय निःपक्षपाती विचाराला विचार करण्यासाठी सामग्रीच मिळत नाही.

म्हणून प्रतिनिधीच्या ममत्वाचे योग्य समर्थन वकिलीच्या नीतीत शोधावे लागते. वकील आपल्या अशिलाची बाजू तेवढी मांडतो आणि त्यात अधर्म नसतो, कारण समोर दुसरा वकील असतो आणि वर तोलणारा न्यायाधीश असतो. म्हणजे वकिलाच्या एकांगीपणाला परवानगी मिळते ती न्यायालयाच्या समतोलामुळे, स्वतःच्या बळावर नव्हे. जेम्स मॅडिसनने १७८७ मध्ये, अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिताना, नेमकी हीच अडचण ओळखली होती: स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये हे सर्वमान्य तत्त्व सांगून त्याने दाखवून दिले, की कायदेमंडळाचे सभासद ज्या प्रश्नांचा निकाल देतात त्यांत ते स्वतःच वादी-प्रतिवादी असतात. विशाल संघराज्यात हितसंबंध इतके अनेक असतील की कोणताही एक गट वरचढ होणार नाही, असा त्याचा उपाय होता. ज्येष्ठतेच्या प्रथेने हा उपाय आतून पोखरला. विनियोजन समितीचा अध्यक्ष हा अलास्काचा वकील म्हणून दावा लिहितो, अध्यक्ष म्हणून तो पटलावर घेतो, आणि ज्यांनी विरोध करायचा त्यांच्या स्वतःच्या तरतुदी त्याच्याच लेखणीवर अवलंबून असतात. अलास्का आणि हवाई ही दोन्ही राज्ये १९५९ मध्येच संघराज्यात आली, आणि हवाईचे डेमोक्रॅट सिनेटर डॅनियल इनोये व स्टीव्हन्स एकमेकांना भाऊ म्हणत. इनोये अलास्काच्या तेलाच्या बाजूने मत देत आणि हवाईच्या गरजांना स्टीव्हन्स यांचा आधार असे. या स्नेहात खोट काढण्याचे कारण नाही, पण दोन वादी एकमेकांना न्याय देऊ लागले म्हणून न्यायालय स्थापन होत नाही.

महाभारतातला धृतराष्ट्र या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. पुत्रप्रेम हा त्याचा दोष सांगितला जातो, पण कोणत्याही पित्याने पुत्रावर प्रेम केले तर त्याला कोणी दोष देत नाही. दोष उत्पन्न होतो तो पित्याच्या हाती राज्यही असल्यामुळे. द्यूतसभेत त्याने बाप म्हणून जे ऐकायला हवे होते ते राजा म्हणून ऐकले, आणि राजा म्हणून जे थांबवायला हवे होते ते बाप म्हणून चालू दिले. विदुर त्याला सांगतो तो उपदेश प्रसिद्ध आहे: कुळासाठी एकाचा, गावासाठी कुळाचा आणि देशासाठी गावाचा त्याग करावा. लहानाने मोठ्यासाठी हटावे, असा या चढत्या पायऱ्यांचा अर्थ सर्रास लावला जातो. उपदेश कोणाला केला आहे, इकडे मात्र दुर्लक्ष होते. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला, त्याने स्वतःच्या प्रिय गोष्टीवर पाणी सोडावे म्हणून, हा उपदेश आहे. सत्ताधाऱ्याने दुसऱ्याकडून त्याग करवून घ्यावा, असा परवाना त्यातून निघत नाही.

२००५ साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षीच्या महामार्ग कायद्यात केचिकन या गावापासून ग्रॅव्हिना बेटापर्यंतच्या पुलासाठी सुमारे २२.३ कोटी डॉलर ठेवले होते. बेटावर जेमतेम पन्नास माणसे राहत, मात्र गावाचा विमानतळही तेथेच होता आणि तेथे फेरीबोटीने जावे लागे. ‘कुठेही न जाणारा पूल’ म्हणून देशभर त्याची थट्टा झाली. ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवल्यावर ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी २० ऑक्टोबर रोजी दुरुस्ती मांडली, की अलास्कातल्या पुलांचा पैसा लुइझियानात वादळाने मोडलेल्या पुलाच्या पुनर्बांधणीकडे वळवावा. स्टीव्हन्स यांनी उभे राहून बजावले, की सभागृहाने एकट्या अलास्काचा पैसा काढून घेण्याचा भेदभाव केला तर आपण सिनेटचा राजीनामा देऊ. दुरुस्ती १५ विरुद्ध ८२ मतांनी फेटाळली गेली. या प्रसंगी त्यांची थट्टा करणे सोपे होते, पण त्यांच्या रागात तत्त्वाचा एक अंश होता: आपत्तीसाठी सर्वांनीच सोडावे असे कोणी म्हणत नव्हते, शेकडो इअरमार्क जागच्या जागी ठेवून एका लहान राज्याचे तेवढे उचलायचे होते. बहुसंख्येच्या गरजेपोटी लहानाचा बळी देऊ नये, हे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. ८२ मतांचे कारण हे तत्त्व होते, की प्रत्येकाला आपापल्या पुलाची काळजी होती, हा निराळा प्रश्न. पुढच्याच महिन्यात तो इअरमार्क रद्द करून पैसा मात्र राज्याकडेच ठेवण्यात आला, आणि २००७ मध्ये राज्याने पुलाचा नाद सोडला.

अवघ्या दोन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, हेच सिनेटर नेमक्या उलट युक्तिवादावर उभे होते. अलास्काच्या ईशान्य टोकाला आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्र आहे. १९८० च्या कायद्याने अलास्कातली दहा कोटी एकरांहून अधिक जमीन संरक्षित केली, तेव्हा या क्षेत्रातली समुद्रालगतची सुमारे पंधरा लाख एकरांची सपाटी पुढच्या निर्णयासाठी बाजूला ठेवली गेली, आणि तिच्याखालचे तेल काढू द्यावे यासाठी स्टीव्हन्स पंचवीस वर्षे झगडत होते. पॉर्क्युपाइन नावाचा कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेकडच्या रानटी रेनडियरचा, प्रचंड कळप याच सपाटीवर आणि तिच्या आसपास विण्यासाठी येतो. दक्षिणेकडचे ग्विचिन लोक या कळपावर जगतात, आणि जेथे जीवन सुरू होते ते पवित्र स्थान अशी त्यांची या सपाटीविषयी श्रद्धा आहे. दुष्काळातही तेथे पाऊल टाकायचे नाही असा त्यांचा दंडक सांगितला जातो. स्टीव्हन्स यांनी तेल काढण्याची परवानगी संरक्षण खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडली. सैनिकांचा पैसा आणि वादळग्रस्तांची मदत त्याच विधेयकात असल्यामुळे विरोधात मत देणे अवघड व्हावे, हा डाव उघड होता. देशाची ऊर्जासुरक्षा, म्हणजे परकीय तेलावरचे अवलंबित्व कमी करणे, हे कारण पुढे केले गेले. चर्चा थांबवून मतदानाला जाण्यासाठी ६० मते लागतात. २१ डिसेंबर रोजी ५६ पडली आणि तरतूद गळाली.

ऑक्टोबरमध्ये लहानाचा बळी देऊ नये असे म्हणणारा माणूस डिसेंबरमध्ये काही हजार ग्विचिनांनी राष्ट्रासाठी हटावे असे म्हणत होता. विदुराची शिडी त्याने एकदा नाकारली आणि एकदा वापरली, दोन्ही वेळा आपल्या बाजूने. आणि ग्विचिनही अलास्काचेच होते. येथे ‘आपले’ कोण, हे ठरवण्याचा अधिकारही वकिलाने स्वतःकडे घेतलेला दिसतो. अर्थात चित्र एकरंगी नाही. त्याच सपाटीवरच्या काक्टोविक या गावातल्या इन्युपियाट लोकांपैकी बहुतेकांनी तेलाला पाठिंबा दिला, कारण १९७२ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या नॉर्थ स्लोप बरोला तेलकंपन्यांच्या मालमत्तेवरील करातून शाळा, नळ आणि दवाखाने मिळाले होते. त्यांनी विकासाला हो म्हणणे जितके विवेकाचे होते तितकेच ग्विचिनांचे नाही म्हणणेही होते. १९७१ च्या जमीन-तडजोड कायद्याने आदिवासींना ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६.२५ कोटी डॉलर देऊन त्यांच्या कंपन्या स्थापन केल्या, तेव्हा व्हेनेटाय आणि आर्क्टिक व्हिलेज येथील ग्विचिनांनी रोकड व समभाग सोडून आपल्या राखीव भूमीची मालकी तेवढी घेतली.

पवित्रतेचा दावा सार्वजनिक हिशोबात कसा धरायचा, हा प्रश्न याहून कठीण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या आदिवासींच्या पवित्र टेकड्यांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या खटल्यात, सरकारने स्वतःच्या जमिनीचा कसा वापर करावा हे कोणाच्या श्रद्धेवरून ठरवता येणार नाही असा निकाल दिला, मग त्यामुळे ती उपासना अशक्य झाली तरी. या निकालामागे तर्क आहे. कोणी कोणत्याही जागेला पवित्र म्हणेल आणि राज्यकारभार थांबेल, ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु पवित्र या कल्पनेचा गाभा असा आहे, की काही गोष्टी अदलाबदलीच्या पलीकडे असतात. खर्च-लाभाचा तराजू सर्व गोष्टींना एका मापात आणतो, आणि ग्विचिनांचे म्हणणे नेमके त्या तराजूविरुद्ध आहे. त्यांना भरपाई देऊ केली तरी ती त्यांच्या आक्षेपाचे उत्तर होत नाही. ख्रिस्ती परंपरेतही या बाबतीत एकवाक्यता नाही. पृथ्वीवर माणसाला स्वामित्व दिले असे बायबलच्या आरंभी वाचणारे आहेत, आणि तेथेच राखणदारीची आज्ञा वाचणारेही आहेत. ग्विचिनांपैकी अनेकजण ज्या एपिस्कोपल चर्चचे अनुयायी आहेत त्या चर्चने या सपाटीवरच्या तेल-उत्खननाला विरोध केला.

वाद्याने न्यायाधीशाला दूर सारण्याची प्रवृत्ती मात्र २००५ पेक्षा जुनी आहे. प्रुडो बे येथे १९६८ मध्ये तेल सापडल्यावर तेथून दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत आठशे मैलांची नळवाहिनी टाकण्याची योजना पर्यावरणविषयक कायद्याखाली न्यायालयात अडकली. १७ जुलै १९७३ रोजी सिनेटने एक दुरुस्ती स्वीकारली, जिचा आशय असा होता की पर्यावरण कायद्याची पूर्तता झाली असे मानावे आणि न्यायालयांनी यापुढे त्यात पडू नये. अलास्काचे दुसरे सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी ती मांडली, स्टीव्हन्स तिच्या बाजूने लढले, मते ४९ विरुद्ध ४९ पडली, आणि उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्या निर्णायक मताने ती संमत झाली. १९७७ मध्ये तेल वाहू लागले, आणि १९८८ च्या सुमारास रोज वीस लाख पिंपांची पातळी गाठली गेली. त्याच तेलाने भरलेले एक्सॉन वाल्डीझ हे जहाज २४ मार्च १९८९ रोजी प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळले आणि सुमारे १.१ कोटी गॅलन तेल समुद्रात गेले. न्यायालयाने सुनावणी पूर्ण केली असती तर अपघात टळला असता, असे म्हणता येणार नाही. पण त्या जहाजमार्गाचे धोके शपथेवर तपासून घेण्याचे एक ठिकाण संसदेने स्वतःहून बंद केले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

स्टीव्हन्स यांच्या अखेरच्या काळातील खटल्यामुळे सगळी चर्चा भलत्याच रुळावर गेली. मिळालेल्या भेटवस्तू जाहीर केल्या नाहीत या आरोपावरून त्यांना २००८ च्या ऑक्टोबरमध्ये दोषी ठरवले गेले, पुढच्या महिन्यात ते निवडणूक थोड्या मतांनी हरले, आणि सरकारी वकिलांनी बचावाला उपयोगी पुरावा दडवल्याचे उघड झाल्यावर एप्रिल २००९ मध्ये तो दोषनिर्णय रद्द झाला. २०१० मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. लोकांना व्यक्तिगत लोभाची कथा सोपी वाटते. पण स्टीव्हन्स पूर्णतः निर्लोभी होते असे धरले तरी वर मांडलेल्या प्रश्नाचा केसभरही निकाल लागत नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त, अधिकांचे अधिक सुख मोजणाऱ्या पाश्चात्त्य सुखवादाची झडती घेताना, कर्माची योग्यता बाह्य फळावरून न ठरवता कर्त्याच्या बुद्धीवरून, तिच्या समतेवरून, ठरवावी असे प्रतिपादले. व्यक्तीच्या नीतीसाठी हा निकष मोठा आहे. सार्वजनिक खजिन्याच्या बाबतीत मात्र तो तोकडा पडतो, कारण अध्यक्षाची बुद्धी सम आहे की नाही हे दूरच्या करदात्याला दिसण्याचा मार्ग नाही, आणि शुद्ध बुद्धीचा माणूसही चाळीस वर्षे एकाच प्रांताचे दुःख ऐकत राहिला तर त्याला इतरांचे दुःख ऐकू येईनासे होते. गीतेतला दानाचा विचार येथे जास्त कामाचा आहे: देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. डेनाली आयोगाचा दवाखाना पात्राला मिळाला, पण पात्र म्हणून मिळाला नाही. अध्यक्ष अलास्काचा होता म्हणून मिळाला. अपात्री गेलेल्या दानाविषयी शास्त्रकारांनी पुष्कळ लिहिले. योग्य पात्री, पण चुकीच्या कारणाने पोचलेल्या सार्वजनिक दानाविषयी मात्र आजच्या नीतिविचाराला अजून बरेच लिहायचे आहे.

२०११ मध्ये अमेरिकी संसदेने इअरमार्कवर बंदी घातली, आणि २०२१ मध्ये सभासदाचे नाव जाहीर करण्याच्या आणि त्यात त्याचा आर्थिक हितसंबंध नसल्याचे लिहून देण्याच्या अटींवर ती प्रथा परत आणली. अटींमुळे वकील कोण हे कळू लागले. न्यायासनावर कोण बसतो त्यात बदल झाला नाही. आर्क्टिक आश्रयक्षेत्रातल्या त्या सपाटीचा प्रश्नही अशाच वाटेने सुटला: २०१७ च्या कर-कायद्यात, जेथे ६० मतांची अट लागत नाही, अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी तेथील तेलपट्ट्यांच्या लिलावाची तरतूद घालून घेतली. जानेवारी २०२१ मध्ये पहिला लिलाव झाला, तेव्हा मोठ्या तेलकंपन्या फिरकल्या नाहीत आणि बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच औद्योगिक विकास महामंडळाने घेतले. जानेवारी २०२५ मधल्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. ज्या तेलाची गरज साऱ्या राष्ट्राला आहे असे पंचवीस वर्षे सांगितले गेले, त्याच्यासाठी बोली लावायला मुख्यतः दावा करणारे राज्यच पुढे आले होते.